मुलांना सुई टोचताना व्हीआर हेडसेट: वॉर्डात सुरुवात कशी करायची

सलाईन लावणं, रक्त काढणं, टाके काढणं, भाजलेल्या जागेचं ड्रेसिंग बदलणं ही बालरुग्ण विभागातली रोजची कामं. मुलासाठी मात्र त्यातलं प्रत्येक काम म्हणजे संकट. चौघांनी हातपाय दाबून धरून एकदा काम उरकलं, की पुढच्या वेळी तेच मूल सिस्टरांना पाहताच आईला घट्ट बिलगतं. भीतीनं शिरा आक्रसतात, पहिल्या टोचण्यात शीर सापडत नाही, मग दुसऱ्यांदा टोचावं लागतं. थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, कर्करोगाच्या मुलांना महिनोन्‌महिने सुया सोसाव्या लागतात. त्यांच्या मनात ही भीती साचत जाते, आणि म्हणून पहिल्या दोन-तीन खेपा नीट पार पाडणं फार मोलाचं आहे.

त्यासाठी व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं उपकरण, चांगला उपयोगी पडतो. हा लेख परिचारिका, निवासी डॉक्टर आणि लहान बाल रुग्णालयं चालवणाऱ्यांसाठी आहे. मूल ४ ते १२ वर्षांचं आहे आणि काम सुईचं आहे, असं धरून लिहिलं आहे. भाजलेल्या मुलांचं ड्रेसिंग हा वेगळा विषय आहे, तो पुढे घेतला आहे.

पहिल्या दिवसापासून एक नियम सगळ्यांनी पाळायचा. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायची पट्टी नव्हे. ‘चल, तुला गंमत दाखवतो’ म्हणून हेडसेट चढवायचा आणि मुलाला न सांगता सुई टोचायची, असं एकदाही करू नका. त्या दिवशी काम होईल, पण पुढच्या खेपेला ते मूल हेडसेट जवळही आणू देणार नाही.

नेमकं काय होतं

दुखणं जाणवायला लक्ष लागतं, आणि लक्ष मर्यादित असतं. डोळे, कान आणि मान तिन्ही दुसऱ्या जगात गुंतले की सुईच्या वाट्याला लक्ष कमी येतं. अमेरिकेत सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात हार्बरव्ह्यू रुग्णालयातल्या भाजलेल्या रुग्णांसाठी याचा वापर सुरू केला. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ड्रेसिंग चालू असताना साधा व्हिडिओ गेम खेळत असताना त्यांना जेवढं दुखलं, त्याहून व्हीआरमध्ये कमी दुखलं. पुढे याच गटानं भाजलेल्यांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ तयार केलं. त्यात बर्फाळ दरीतून तरंगत जायचं आणि बर्फाचे गोळे फेकायचे. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला सोसवेल इतका गरम चटका देऊन त्यांच्या मेंदूचा एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) काढला, तेव्हा वेदनेशी संबंधित पाच भागांतली हालचाल व्हीआर चालू असताना कमी झालेली दिसली. ‘मूल नुसतं गप्प बसतं, दुखायचं ते दुखतंच’ या शंकेला ते चांगलं उत्तर आहे.

सुईपुरतं बोलायचं तर मेलबर्नमधल्या दोन चाचण्या महत्त्वाच्या. त्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एक तातडीच्या विभागात, दुसरी रक्त तपासणीसाठी आलेल्या मुलांवर, वय ४ ते ११. दोन्हींत व्हीआर लावलेल्या मुलांनी नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी वेदना सांगितली. सुईसाठी खास तयार केलेल्या अशा कार्यक्रमांत एक युक्ती वापरतात, ती शिकण्यासारखी आहे. हातावर स्पिरिटचा गार बोळा फिरतो तेव्हा व्हीआरमध्ये पाण्याची लाट अंगावरून जाते, आणि सुई लागते तेव्हा मासे हाताला चिमटे घेतात. स्पर्श नाकारायचा नाही, त्याला त्या जगात जागा द्यायची.

आता दुसरी बाजू. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) ४ ते १८ वर्षांच्या १००८ मुलांवरच्या १७ चाचण्या तपासल्या, आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं मत दिलं. म्हणजे व्हीआर निरुपयोगी ठरलं असं नाही. पण बधिर करणारं क्रीम, शेजारी आई किंवा वडील आणि सुई लावणारा सराईत हात, या तिन्हींच्या जोडीला व्हीआर घ्यायचं, त्यांच्या बदल्यात नाही. क्रीमचा खर्च वाचवून हेडसेट विकत घेणं हा उलटा कारभार आहे.

कुणाला लावायचा नाही

फिट येण्याचा इतिहास, विशेषतः लुकलुकत्या प्रकाशानं येणारी फिट, डोक्याला मार लागलेला असणं किंवा मेंदूवरचा दाब वाढल्याची शंका, उलट्या किंवा चक्कर चालू असणं, गुंगी, चेहऱ्यावर, कपाळावर किंवा टाळूवर जखम, डोळे आलेले असणं किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया. यातलं काहीही असेल तर हेडसेट बाजूला ठेवा. उवा, खरूज, कांजिण्या किंवा वेगळ्या खोलीत ठेवावं लागेल असा संसर्ग असेल तरी तेच. मेंदूतलं पाणी काढण्याची नळी (शंट), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा पेसमेकर असलेल्या मुलाच्या बाबतीत संबंधित तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेडसेटच्या स्पीकरमध्ये आणि हातातल्या कंट्रोलरमध्ये लोहचुंबक असतात आणि काही शंटच्या झडपा चुंबकानंच जुळवतात.

वयाचाही प्रश्न आहे. मेटा कंपनी क्वेस्ट हेडसेटसाठी किमान वय १० वर्षं सांगते. २०२३ पर्यंत ते १३ होतं. रुग्णालयासाठी बनवलेली काही उपकरणं याहून लहान मुलांसाठी असतात. घरगुती हेडसेट कंपनीच्या मर्यादेखालच्या वयात वापरायचा असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा निर्णय, आईवडिलांची लेखी संमती आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही, ही बंधनं पाळा. चार वर्षांखालच्या मुलाला हेडसेट नकोच. त्याला मांडीवर घेणं, साबणाचे फुगे, गाणं हेच बरं. तान्ह्या बाळाला आईचं दूध पाजत पाजत सुई लावली तर तेही वेदना कमी करतं.

आणि जे मूल ‘नको’ म्हणतं त्याला नको. काही मुलांना सुई जाताना डोळ्यांनी बघायची असते. न बघता त्यांना जास्त भीती वाटते. त्यांना बघू द्या.

सामान

हेडसेट स्वतंत्र चालणारा असावा, संगणकाला वायरनं जोडावा लागणारा नको. वॉर्डात वायर पायात येते. वजन बघून घ्या. क्वेस्ट २ सुमारे ५०० ग्रॅमचा आहे आणि क्वेस्ट ३ थोडा अधिक, आणि त्यातलं बरंचसं वजन पुढे नाकावर येतं. सहा वर्षांच्या मुलाच्या मानेला ते जाणवतं. म्हणून मूल मागे रेलून, डोकं टेकवून बसलेलं असणं महत्त्वाचं. मागचा पट्टा मऊ कापडीच घ्या. फिरकी असलेला कडक पट्टा बसून खेळायला छान असतो, पण उशीवर डोकं टेकवलं की तो मागून टोचतो आणि हेडसेट पुढे ढकलला जातो.

भिंगांमधलं अंतर ही लहान मुलांची खरी अडचण. क्वेस्ट २ मध्ये ते ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच ठिकाणी बसतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर बहुधा ५८ पेक्षाही कमी असतं. सगळ्यात कमी अंतरावर ठेवा आणि चित्र स्पष्ट दिसतंय का ते मुलालाच विचारा. ‘दिसतंय का?’ असं विचारलं तर मुलं ‘हो’च म्हणतात. ‘माशाचा रंग कुठला?’ असं विचारा.

याशिवाय लागेल ते असं: मूल काय बघतंय ते मोठ्यांना दिसावं म्हणून एक टॅब किंवा जुना फोन, दोन्ही एकाच नेटवर्कवर राहावेत म्हणून छोटा राउटर, धुता येईल असं सिलिकॉनचं आवरण, चेहऱ्याला लावायचे एकदाच वापरायचे कागदी मास्क, डोक्याला टोपी, उलटीसाठी पिशवी. रुग्णालयाच्या वायफायवर विसंबू नका, नेमक्या वेळी चित्र अडकतं.

फोन आत सरकवायचा स्वस्त डबा मिळतो. कल्पना पारखून बघायला तो चालेल, रोजच्या कामाला नाही. फोन तापतो, चित्र मानेच्या हालचालीच्या मागे राहतं आणि मळमळ होते. वापरलाच तर विमान मोड चालू करा. सुई शिरेत असताना कुणाचा तरी फोन वाजणं हे अगदी घडणारं आहे.

आत काय दाखवायचं, यावर हेडसेटच्या किमतीपेक्षा जास्त विचार करा. मूल जागेवरून फार न हलता बघू शकेल असं, संथ, नजर रोखून चालणारं किंवा फार तर एका हातानं खेळायचं. पाण्याखालचं दृश्य, जंगल, आकाशातून तरंगणं चालतं. रोलर कोस्टर, धावणं, अचानक अंगावर येणारं काहीही नको. इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे आणि कधीही थांबवून पुन्हा सुरू करता आलं पाहिजे. बाजारातल्या बहुतेक कार्यक्रमांतलं निवेदन इंग्रजीत असतं. गावाकडून आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे बिननिवेदनाचं दृश्य घ्या आणि निवेदन तुम्ही करा, मराठीत, हिंदीत, अहिराणीत, मूल घरी बोलतं त्या बोलीत. आवाज निम्म्यावर ठेवा, म्हणजे मुलाला तुमचं बोलणं ऐकू येईल.

सेटिंगमध्ये आपोआप होणारं अपडेट, सूचना आणि हात ओळखण्याची सोय तिन्ही बंद करा. हात ओळखणं चालू राहिलं तर टूर्निकेट (शीर वर यावी म्हणून हाताला आवळायचा पट्टा) बांधणाऱ्या सिस्टरांचा हात कॅमेऱ्यासमोर येतो आणि मुलासमोर अचानक मेनू उघडतो. हद्द आखण्याची सोय ‘जागेवर बसून’ या प्रकारावर ठेवा.

क्रीम: एक तास आधी

लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रायलोकेन २.५ टक्के असलेलं क्रीम औषधांच्या दुकानात मिळतं, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावा. शक्यतो दोन जागा निवडा, म्हणजे एक शीर हुकली तर दुसरी जागा तयार असते. क्रीम चोळायचं नाही. जाड थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि वेळ लिहायची. पूर्ण परिणामाला ६० मिनिटं लागतात. वीस मिनिटांत पुसून टाकलेलं क्रीम न लावल्यासारखंच.

१ ते ६ वर्षांच्या, १० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या मुलाला सगळ्या जागा मिळून जास्तीत जास्त १० ग्रॅम, आणि ७ ते १२ वर्षांच्या, २० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या मुलाला २० ग्रॅम, तेही चार तासांपेक्षा अधिक नाही. दोन शिरांच्या जागांना याच्या कितीतरी कमी पुरतं. जखमेवर लावायचं नाही. जास्त मात्रेत प्रायलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते आणि ओठ, नखं निळसर पडतात, म्हणून ही मर्यादा काटेकोर पाळा. पुसल्यावर दहा मिनिटं थांबा. क्रीमनं त्वचा फिकट होते आणि शीर थोडा वेळ दिसेनाशी होते, ती परत वर येते.

मुलाशी काय बोलायचं

हेडसेट लावण्याआधी दहा मिनिटं. शेजारी बसून बोला, उभं राहून नाही. क्रम असा: काय होणार, कसं वाटेल, तुझं काम काय.

‘तुझ्या हातात एक बारीक नळी लावायची आहे, तिच्यातून औषध जाईल. आधी हात गार लागेल, मग पट्टा घट्ट वाटेल, मग टोचल्यासारखं होईल. त्या वेळी तू समुद्रात मासे बघत असशील. तुझं काम एकच, हा हात दगडासारखा स्थिर ठेवायचा. थांबावंसं वाटलं तर दुसऱ्या हाताचा अंगठा वर कर.’ एवढं पुरे.

‘अजिबात दुखणार नाही’ असं म्हणायचं नाही. ‘मुंगी चावते तसं’ हेही नको, मुंगीला घाबरणारी मुलं पुष्कळ असतात. ‘रडलास तर डॉक्टर मोठी सुई लावतील’ असं आजी-आजोबा प्रेमापोटी म्हणतात. त्यांना बाजूला नेऊन समजावून सांगा.

जिथे ‘नाही’ हे उत्तर तुम्ही मान्य करणार नाही, तो प्रश्न विचारू नका. ‘सुई लावू का?’ नको. ‘समुद्र की जंगल?’, ‘आईच्या मांडीवर की पलंगावर?’, ‘टोचायच्या आधी सांगू की न सांगता?’ हे विचारा. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. काही मुलांना एक-दोन-तीन म्हणून हवं असतं, काहींना आकडे मोजण्यानंच धडकी भरते. मुलानं सांगितलं तसंच करा.

मग हेडसेट मुलाच्या हातात द्या. उलटा-सुलटा करून बघू द्या. आधी आईनं किंवा बाबांनी एक मिनिट लावावा. लिहिण्याचा हात कोणता तेही इथेच विचारा: इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) दुसऱ्या हाताला, कंट्रोलर लिहिण्याच्या हातात.

माणसं तीन, जागा ठरलेल्या

एक सुई लावणारी, एक व्हीआर सांभाळणारी, एक आई किंवा वडील. सुई लावणाऱ्यानंच टॅबकडेही बघायचं, असं केलं तर दोन्ही कामं बिघडतात. माणसं कमी असतील तर त्या दिवशी व्हीआर नको.

मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकलेली, किंवा पलंगावर पाठ ३० ते ४५ अंशांत उचललेली. हात आडव्या उशीवर. सपाट आडवं मूल असेल तर दृश्याचं क्षितिज छतावर आणावं लागतं. काही हेडसेटमध्ये आडवं पडून बघण्याची वेगळी सोय असते, नाहीतर मूल आडवं झाल्यावर दृश्य पुन्हा मध्यावर आणायचं बटण दाबायचं. हे आधी स्वतः पलंगावर आडवं होऊन करून बघा. बापाला काम द्या: ‘बाबा, हा हात तुमचा, शेवटपर्यंत सोडायचा नाही.’ मुलाला डोळ्यांनी कुणी दिसत नसतं, त्यामुळे ओळखीचा स्पर्श अखंड हवा.

प्रत्यक्ष काम

१. सगळी तयारी मुलाच्या नजरेआड करा. २४ गेजचा पिवळा किंवा २२ गेजचा निळा इंट्राकॅथ, चिकटपट्ट्या फाडून, हात सरळ ठेवणारी फळी गुंडाळून तयार. हेडसेट लावल्यावर सामान शोधत बसणं म्हणजे मुलाचं लक्ष वाया घालवणं.

२. शीर आधी शोधून ठेवा, हेडसेट लावण्यापूर्वी.

३. टोपी, कागदी मास्क, मग हेडसेट. आधी पुढून डोळ्यांवर, मग मागचा पट्टा कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली. पट्टा वर राहिला की हेडसेट नाकावर घसरतो. फटीतून हात दिसत असेल तर नाकाजवळची जागा मऊ कापडानं भरा.

४. दोन-तीन मिनिटं कुणीही हाताला स्पर्श करायचा नाही. मूल स्वतःहून मान वळवायला लागलं, बोलायला लागलं की ते आत गेलं असं समजा. घाई इथेच होते, आणि इथली घाई सगळं घालवते.

५. आता व्हीआर सांभाळणारीनं सांगायचं, ‘हाताला कुणीतरी हात लावणार बघ,’ आणि मगच टूर्निकेट. डोळे झाकलेले असताना न सांगता झालेला स्पर्श दचकवतो. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवू नका.

६. ‘गार लाट आली,’ आणि स्पिरिटचा बोळा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, साधारण ३० सेकंद. ओल्या स्पिरिटमधून गेलेली सुई चरचरते, आणि क्रीम-हेडसेटचं सगळं श्रेय ती चरचर घेऊन जाते.

७. सुई लावणाऱ्यानं तयार झाल्यावर न बोलता बोट वर करायचं. व्हीआर सांभाळणारीनं लगेच मुलाला सोपं काम द्यायचं: ‘समोर किती कासवं आहेत, मोज बरं.’ काम समोरचंच हवं. ‘मागे कोण आलं बघ’ म्हटलं की मूल मान वळवतं, मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हात सरकतो आणि शिरेत गेलेली सुई बाहेर येते. मागचे मासे सुई आत जाण्याआधी आणि नळी बसल्यावर.

८. मुलानं आधी सांगायला सांगितलं असेल तर सांगा, ‘आता चिमटा.’ मग टोचा.

९. नळी पक्की चिकटवून, फळी बांधून, सुया आणि रक्ताचे बोळे उचलून झाल्यावरही अर्धा-एक मिनिट चालू ठेवा. मग, ‘झालं. समुद्राला टाटा कर.’ हेडसेट हळू काढा. काढल्या काढल्या मुलाच्या नजरेला रक्त पडता कामा नये.

दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर थांबा. हेडसेट काढा, पाणी द्या, दुसऱ्या सराईत माणसाला बोलवा. मूल शांत आहे म्हणून चार वेळा टोचत राहणं हा व्हीआरचा गैरवापर आहे. शांतता ही परवानगी नसते.

मूल आत आहे की नुसतं गप्प आहे

चेहरा दिसत नसल्यामुळे दुसऱ्या खुणा वाचाव्या लागतात. मान हलायची थांबली, पायाची बोटं आत वळली, कंट्रोलरवरची मूठ आवळली, उत्तरं एका शब्दावर आली, तर मूल दृश्यातून बाहेर येऊन सुईची वाट बघतंय. थांबा, त्याला हाक मारा, काय दिसतंय ते विचारा. वारंवार जांभया, आवंढे, ओठांभोवती फिकटपणा, घाम ही मळमळीची लक्षणं. हेडसेट लगेच काढा, डोकं टेकवू द्या. अंगठा वर दिसला तर सुई आत असेल तर हात स्थिर धरून, नसेल तर तिथल्या तिथे थांबायचं. एकदा जरी अंगठ्याकडे दुर्लक्ष झालं तरी पुढच्या वेळी तो करार संपला.

नेहमी होणारे घोटाळे

स्क्रीन अचानक काळी पडते. बहुधा कागदी मास्क किंवा टोपी सरकल्यामुळे आतल्या छोट्या सेन्सरला चेहरा जाणवत नाही आणि हेडसेटला वाटतं की तो डोक्यावरून काढला. मास्क नीट बसवा.

चित्र डुलतं किंवा ‘दिसत नाही’ असा संदेश येतो. खोलीत उजेड कमी आहे, किंवा मूल कोऱ्या पांढऱ्या छताकडे तोंड करून आडवं आहे. कॅमेऱ्याला पकडायला काही खूण मिळत नाही. दिवा लावा, छताला रंगीत चित्रं चिकटवा.

भिंगावर वाफ. रडून झालेल्या मुलाच्या श्वासानं आणि अश्रूंनी येते. हेडसेट दहा मिनिटं आधी चालू करून ठेवला तर भिंगं कोमट होतात आणि वाफ कमी येते. मूल जोरात रडत असेल तर हेडसेट चढवूच नका, आधी शांत होऊ द्या. व्हीआर पेटलेली भीती विझवत नाही, भीती पेटू नये म्हणून त्याचा उपयोग.

चष्म्याची मुलं. बहुतेक हेडसेटमध्ये चष्म्यासाठी जागा करणारा तुकडा असतो, तो बसवा. नाहीतर चष्म्याच्या काचेनं भिंगावर कायमचा ओरखडा उठतो.

भाजलेल्या मुलांचं ड्रेसिंग

गरम पाणी, चहा, डाळ अंगावर सांडून भाजलेली मुलं वर्षभर येतात, दिवाळीत फटाक्यांनी भाजलेली. सुई दोन मिनिटांची असते. ड्रेसिंग अर्धा तास चालतं आणि ते एक-दोन दिवसांआड पुन्हा करावं लागतं. इथे वेदनाशामक औषध पहिलं, व्हीआर दुसरं. तोंडानं पॅरासिटामॉल द्यायचं असेल तर ते ड्रेसिंगच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी, नेहमीची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम. मोठी जखम असेल तर अधिक जोरदार औषध किंवा भूल लागते आणि तो निर्णय भूलतज्ज्ञांचा. गुंगीच्या औषधानंतर मूल पेंगत असेल तर हेडसेट नको.

सगळ्यात जास्त दुखतं ते चिकटलेलं जुनं ड्रेसिंग सुटताना. ते सलाईननं पूर्ण भिजू द्या, आणि हेडसेट भिजवण्याच्या वेळीच सुरू करा, म्हणजे सुटण्याच्या क्षणी मूल आत गेलेलं असेल. मधे एकदा थांबून दृश्य बदला. पंधरा-वीस मिनिटांनी तेच मासे लक्ष धरून ठेवत नाहीत. सिॲटलच्या गटाचा अनुभव असा की वारंवार वापरूनही व्हीआरचा परिणाम ओसरत नाही, त्यामुळे पाचव्या ड्रेसिंगलाही ते वापरण्यात अर्थ आहे. जखम पाण्याच्या टबात धुवायची असेल तर साधा हेडसेट जवळ आणू नका. त्याच गटानं पाण्याजवळ वापरण्यासाठी वेगळी उपकरणं आणि डोक्याला न बांधता दांड्यावर टांगलेला चष्मा तयार केला, तो याचसाठी.

पुसणं आणि नोंद

प्रत्येक मुलानंतर कागदी मास्क आणि टोपी फेकायची, सिलिकॉनचं आवरण काढून साबणपाण्यानं धुवायचं, कंट्रोलर आणि पट्टा रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे पुसायचा. भिंगांना स्पिरिट लावायचं नाही, वरचा थर उडतो आणि चित्र कायमचं धूसर होतं. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडानं पुसा. कापडी पट्टे दोन-तीन जादा ठेवा, एक धुण्यात, एक वापरात. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांवर पडलेलं ऊन एका जागी गोळा होऊन स्क्रीनवर जळका डाग पाडतं.

नोंदीसाठी चेहऱ्यांची वेदनापट्टी वापरा, सहा चेहरे, ०, २, ४, ६, ८, १०. चार वर्षांवरच्या मुलाला हेडसेट काढल्यावर लगेच विचारा, ‘टोचलं तेव्हा किती दुखलं, बोट ठेव.’ मुलालाच विचारा, आईला नाही. बक्षीस किंवा शाबासकी देण्याआधी विचारा. बघून गुण द्यायची फ्लॅक पद्धत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि सांत्वनाला प्रतिसाद या पाच गोष्टींवर चालते. हेडसेटमागे अर्धा चेहरा झाकलेला असतो, तेव्हा त्या गुणांची तुलना हेडसेट न लावलेल्या मुलांशी थेट करू नका.

वहीत एका ओळीत मावेल एवढंच लिहा: वय, काम, क्रीम किती वाजता, किती वेळा टोचलं, मुलानं दाखवलेला चेहरा, मळमळ झाली का, हेडसेट मधेच काढावा लागला का आणि का. सुरुवात आठवड्यातल्या दोन सकाळी, ओळखीच्या थॅलेसेमियाच्या किंवा ठरवून रक्त तपासणीला आलेल्या मुलांपासून करा, तातडीच्या विभागातून नाही. तिथे क्रीमला तास मिळत नाही आणि बोलायला दहा मिनिटंही मिळत नाहीत. महिनाअखेरीस वही उघडून ‘मधेच काढला’ हा रकाना आधी वाचा. बहुतेक कारणं एकाच ठिकाणी येऊन थांबतात: पायरी ४ मधली दोन-तीन मिनिटं दिलीच गेली नव्हती.